भूमिकाखेळातील नवागत आणि मराठी क्रियापद

टेबलाभोवती चार-सहा जण बसतात. त्यांतील एक सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो. उरलेले प्रत्येकी एक पात्र पत्करतात आणि ते पात्र काय करते हे तोंडी सांगतात. जेथे यश अनिश्चित असते तेथे फासे टाकले जातात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली प्रसिद्ध झाला, तेव्हापासून हा खेळप्रकार स्वतंत्रपणे ओळखला जातो. नवागताला त्यात कसे आणावे, हा प्रश्न सामान्यतः नियम सुलभ करण्याचा मानला जातो. प्रस्तुत लेखकाच्या मते तो मुळात निवेदनाचा, आणि मराठीपुरता व्याकरणाचा प्रश्न आहे.

या खेळाच्या इतिहासातच याची खूण सापडते. नवशिक्यांसाठी १९७७ साली एरिक होम्स यांनी संपादित केलेल्या आवृत्तीचा भर नियम सुबोधपणे मांडण्यावर होता. फ्रँक मेंट्झर यांच्या १९८३ च्या आवृत्तीत मात्र खेळाडूची पुस्तिका वाचकाला द्वितीय पुरुषात संबोधून थेट एका साहसात नेते आणि नियम वाटेत भेटत जातात. म्हणजे आधी पुरुष बदलतो, मग नियम येतात. इंग्रजीत हा बदल सहज होतो, कारण तेथील प्रथम आणि द्वितीय पुरुषाचे क्रियापद लिंग सांगत नाही. मराठीत 'मी उघडतो' आणि 'मी उघडते' यांतून निवड केल्याशिवाय वाक्यच पुरे होत नाही.

रत्नागिरीत पदव्युत्तर वर्गातील काही विद्यार्थ्यांसह हा खेळ मांडला, तेव्हा याचा प्रत्यय आला. वादळात सापडलेले गलबत हा प्रसंग होता. पहिला अर्धा तास सगळे 'तांडेल शीड उतरवेल' असे तृतीय पुरुषात बोलत होते. तांडेलाची भूमिका एका विद्यार्थिनीकडे होती. 'मी' म्हणण्याची वेळ आली तेव्हा ती 'उतरवतो' आणि 'उतरवते' यांच्यामध्ये अडखळली आणि 'मी शीड उतरवीन' म्हणाली. भविष्यकाळात लिंग झाकले जाते. पण कृतीही पुढे ढकलली जाते. पुढच्या खेपेला ती 'उतरवतो' म्हणाली, आणि तेथून खेळ सुरू झाला. नवागताचा उंबरठा नियमांच्या पुस्तकात नसून या प्रत्ययात होता.

तरीही हा उंबरठा त्याला सर्वस्वी अपरिचित नसतो. भातुकली खेळणारी मुले 'तू आता आजारी पडायचंस, मी औषध आणायचं' असे ठरवतात आणि लगेच कण्हू लागतात. '-यचं' हे खेळाबाहेरून खेळ रचणारे रूप आहे. 'आणतो', 'आणते' ही खेळाच्या आतली रूपे आहेत. गॅरी अ‍ॅलन फाइन यांनी १९८३ च्या आपल्या समाजशास्त्रीय अभ्यासात व्यक्ती, खेळाडू आणि पात्र अशा तीन चौकटी मानल्या आहेत. मराठी मूल त्यांतील निदान दोन चौकटी क्रियापदांच्या रूपांनी वेगळ्या राखते. सूत्रधाराने नवागताला या विसरलेल्या कौशल्याची आठवण करून द्यावी.

येथे 'हे आमच्याकडे होतेच' असे म्हणण्याचा मोह होतो. रत्नागिरी परिसरातील नमनात सोंगे आणणाऱ्यांना 'खेळे'च म्हणतात. गौळणींची सोंगे परंपरेने पुरुष घेत आले आहेत. दक्षिण कोकणातील दशावतारात लिखित संहितेविना, ठरलेल्या आख्यानावर संवाद उभे राहतात. परंतु साम्य येथेच थांबते. दशावतारी नट उत्स्फूर्त बोलतो, तरी आख्यानाचा शेवट त्याला आणि प्रेक्षकांना आधीच ठाऊक असतो. भूमिकाखेळात शेवट कोणालाच ठाऊक नसतो आणि बाहेरचा प्रेक्षकही नसतो. त्यामुळे परंपरेचा दाखला नवागताला धीर देईल. पण या खेळाची मीमांसा तेवढ्याने होणार नाही.

ती मीमांसा पुन्हा क्रियापदाकडेच नेते. 'मी शीड उतरवले' असे नवागत म्हणतो तेव्हा लिंगाची अडचण टळते, परंतु कृतीचे फळही तो स्वतःच घोषित करतो. तो अधिकार सूत्रधाराचा आणि फाशांचा असतो. 'उतरवीन' मध्ये धाडस नाही, 'उतरवले' मध्ये अतिक्रमण आहे. कर्तृत्व आपल्याकडे घेऊन फळ मोकळे ठेवणारे रूप 'उतरवतो' हेच. लेखकाच्या सत्तेविषयी आपण बरीच सैद्धांतिक चर्चा केली आहे. येथे ती सत्ता वाक्यागणिक वाटली जाताना ऐकू येते.

साहित्याच्या वर्गात आपण विद्यार्थ्याला 'असे म्हणता येईल', 'असे दिसते' या कर्त्याविना चालणाऱ्या वाक्यांची सवय लावतो. संहितेसमोर 'मी' म्हणण्याचे त्याचे धाडस तेथेच आटते. म्हणून या खेळातील नवागताचा विचार केवळ करमणुकीचा नाही. त्याला पहिल्या बैठकीत नियमांची यादी देऊ नये. एक प्रसंग द्यावा आणि 'तू काय करतोस?' किंवा 'काय करतेस?' हे त्याच्या पात्राला विचारावे. मराठीत '-ऊन पाहणे' असा एक प्रयोग आहे. 'उतरवून पाहतो' म्हणणाऱ्याने कृती पत्करलेली असते आणि अपयशाची शक्यताही. नवागताला प्रथम हे एवढे वाक्य बोलता आले पाहिजे.