आडनाव नसलेला धनंजय

चंद्रकांत सखाराम चव्हाण यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि मुखपृष्ठावर नाव घातले बाबुराव अर्नाळकर. स्वतःसाठी त्यांनी अर्नाळ्याची मोहोर असलेले आडनाव घेतले. त्यांचे नायक मात्र वाचकांच्या तोंडी एकेका नावावरच राहिले. धनंजय, झुंजार, काळापहाड. या नावांची घडण मला त्या कथांमधल्या कोड्यांइतकीच विचारपूर्वक केलेली वाटते.

आमच्या हुपरी गावात अनोळखी पोराला पहिला प्रश्न असतो, ‘कुणाचा रं तू?’ उत्तरात आडनाव आले की गाव, भावकी, जात, सगळे एका दमात कळते. धनंजयला हा प्रश्न कुणी विचारत नाही. तो दारात येतो, चौकशी करतो आणि त्याच्या बुद्धीखेरीज त्याची दुसरी ओळख लागत नाही. स्वातंत्र्याच्या आगेमागे घराघरांत वाचल्या गेलेल्या लोकप्रिय मराठी कथेत असा माणूस नायक होतो, हे मला फार मोलाचे वाटते.

आणि नाव तरी कोणते? अर्जुनाचे. विराटपर्वात बृहन्नडेच्या वेषातला अर्जुन राजपुत्र उत्तराला आपली खरी ओळख सांगतो, तेव्हा त्याचा विश्वास बसत नाही. अर्जुनाची दहा नावे सांग, ती का पडली तेही सांग, मग मानतो, असे तो म्हणतो. वेषांतर, संशय, पुरावा आणि उलगडा, असा रहस्यकथेचा सगळा ऐवज त्या एका प्रसंगात आहे. त्या दहांपैकी एक नाव धनंजय. देश जिंकून त्यांचे धन आणणारा, हा त्याचा अर्थ अर्जुन स्वतःच सांगतो. चोरीला गेलेला ऐवज परत मिळवणाऱ्या माणसाला याहून नेमके नाव शोधून सापडले नसते. पार्थ म्हटले असते तर कुंती आठवली असती, म्हणजे पुन्हा ‘कुणाचा’ हेच आले असते. धनंजय हे कर्तृत्वावरून पडलेले नाव आहे.

त्याच्या शेजारी त्याचा मदतनीस छोटू! चार अक्षरांच्या भारदस्त संस्कृत नावाला दोन अक्षरांची घरगुती हाक जोडली आहे. ही जोडी होम्स-वॉटसनच्या वळणाची. कॉनन डॉइलच्या सुरुवातीच्या टिपणांत होम्सचे नाव शेरिनफोर्ड होते आणि त्याच्या सोबत्याचे ऑर्मंड सॅकर. 1887 मध्ये ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ छापून आली तोवर सॅकरचा वॉटसन झाला होता, कारण त्या साध्या माणसाला डॉइलला न चमकणारे नाव हवे होते. अर्नाळकर आणखी एक पायरी खाली उतरले. वॉटसन निदान आडनाव तरी आहे, छोटू म्हणजे नुसती हाक. धनंजय मोठा वाटतो त्यात या हाकेचा वाटा आहे.

झुंजारची गोष्ट निराळी. गोविंद बल्लाळ देवल हे आमच्याच बाजूचे, सांगलीजवळच्या हरिपूरचे. त्यांनी 1890 मध्ये ‘ऑथेल्लो’ मराठीत आणताना नायकाला झुंजारराव केले. अर्नाळकरांच्या झुंजारला ‘राव’ नाही. तो मानमरातब गळला की नावातली झुंज तेवढी उरते, आणि या झुंजीला साजेसेच त्याच्या बायकोचे नाव, विजया.

काळापहाड या नावामागे इतिहासाची सावली आहे. सोळाव्या शतकात बंगालच्या करराणी सुलतानांचा याच नावाचा सेनापती होता आणि ओरिसातील देवळे फोडणारा म्हणून त्याच्या दंतकथा झाल्या. पण नावाचा दरारा कळायला ही माहिती लागतेच असे नाही. ‘का’, ‘ळा’, ‘हा’, एकामागून एक दीर्घ ‘आ’ येतात आणि शेवटचा ‘ड’ दार आपटल्यासारखा वाजतो. घरात चांदीच्या घुंगरांचे काम चालू असताना एकाने मोठ्याने वाचायचे आणि बाकीच्यांनी हात चालू ठेवून ऐकायचे, अशी ही पुस्तके मी प्रथम ऐकली. चांदीच्या आवाजावरून या नावाचा उच्चार वर उठायचा आणि हात थांबायचे. ‘धनंजय’ ऐकताना कुणाचे हात थांबले नाहीत. त्या नावाने धीर यायचा.

पुढे सुहास शिरवळकरांनी फिरोझ इराणी आणि मंदार पटवर्धन हे नायक आणले, आडनावे परत आली. त्याही आधी भा. रा. भागवतांनी बनेश फेणेला आडनाव दिले, फुरसुंगी गाव दिले आणि वरून वेगाचे ‘फास्टर’ लावले. ते बरोबरच होते. शाळकरी पोराने चोरांच्या मागे धावायचे तर वाचणाऱ्या पोराला त्याचे घर कुठे आहे हे ठाऊक हवे. धनंजयच्या घराची चौकशी आमच्याकडे ऐकणाऱ्यांपैकी कुणी कधी केली नाही. चोर सापडला का, एवढेच विचारायचे.