यादीमागचा भागाकार

डॅनफॉसच्या ड्राइव्हमध्ये मोटारची माहिती संगणकावरून भरायची, तर एमसीटी १० ही आज्ञावली वापरतात. सोय खरंच उत्तम. एकदा केलेली मांडणी फाइलमध्ये साठवून पुन्हा ड्राइव्हमध्ये उतरवता येते. पण १-२४ या क्रमांकापुढे मोटारचा विद्युत्प्रवाह लिहिताना त्या आकड्याचं वजन आपल्याला जाणवत नाही. मोटार किती तापली, याचा हिशेब ड्राइव्ह त्यावरूनच करतो. मोटारच्या पाटीवर ४.८ अँपिअर असताना कुणी ८ भरले, तर संरक्षण फार उशिरा जागं होणार. आणि पाटी काही आज्ञावलीला वाचता येत नाही!

४१५ व्होल्ट, ५० हर्ट्‌झची मोटार २५ हर्ट्‌झवर चालवताना ड्राइव्ह साधारण २०७ व्होल्ट देतो, म्हणजे गाभ्यातलं चुंबकत्व तेवढंच राहतं. यादी उघडण्याआधी मुलांना आपण हा भागाकार करायला द्यावा.