मत आणि माहिती

मराठी वृत्तपत्रांच्या स्वातंत्र्याचे मोजमाप बहुधा १९०८ च्या टिळक-खटल्यासारख्या राजद्रोहाच्या अभियोगांवरून केले जाते. बापूजी अणे यांच्या यवतमाळच्या साप्ताहिकाचे ‘लोकमत’ हे नावही मताचेच महत्त्व सांगते. परंतु मत दडपणारे १२४-अ कलम आणि माहिती दडविणारा १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम ही बंधने भिन्न होत. पहिल्याने संपादक तुरुंगात जाई व त्याची नोंद राही. दुसऱ्याने बातमीच जन्मत नाही, मग नोंद कशाची? २००५ च्या माहिती अधिकार अधिनियमाने कलम २२ अन्वये त्यावर मात केली, तरी तो रद्द झाला नाही. माहितीवाचून लोकमत म्हणजे केवळ तर्क. म्हणून संशोधकाने खटल्यांबरोबर शासनाने नाकारलेले माहितीचे अर्जही तपासावेत.