व्हीआयएक्स दिशा सांगत नाही

आज एका लोकप्रिय सल्ल्याची चिकित्सा करू. सल्ला असा, की 'इंडिया व्हीआयएक्स चढला, लोक घाबरले, की खरेदी करा.' गंमत म्हणजे याच्या बरोबर उलटा सल्लाही तितक्याच ठामपणे दिला जातो, की व्हीआयएक्स चढला की विकून मोकळे व्हा. एकाच आकड्यातून दोन विरुद्ध आज्ञा निघत असतील, तर आपण त्या आकड्याला भलताच प्रश्न विचारतोय.

हा आकडा येतो कुठून? निफ्टीच्या ऑप्शन्सच्या भावांतून. येत्या ३० दिवसांत निफ्टी किती हलेल, असं बाजाराला वाटतं, ते तो वार्षिक टक्केवारीत सांगतो. किती हलेल, एवढंच. कुठे जाईल, हे त्यात नाहीच.

आता मार्च २०२० आठवा. १२ तारखेला व्हीआयएक्स ४० च्या पुढे होता, निफ्टी ९,५९० वर बंद झाला. 'भीती आहे, घ्या' म्हणणाऱ्याने घेतलं असतं. २३ मार्चला निफ्टी ७,६१० वर होता आणि त्यानंतर व्हीआयएक्स ८० च्याही पुढे गेला. दहा वर्षं थांबणाऱ्याला हे चालेल. पण पाच दिवसांसाठी आलेल्या, त्यातही उधारीवर आलेल्या माणसाचं काय? त्याला सावरायला वेळच मिळत नाही.

मग हा आकडा टाकाऊ आहे का? मुळीच नाही. वर्षात साधारण २५२ व्यवहाराचे दिवस असतात, त्याचं वर्गमूळ जवळपास १६. व्हीआयएक्सला १६ ने भागा. व्हीआयएक्स १६ असेल तर रोजची साधारण हालचाल १ टक्का, ३२ असेल तर २ टक्के. म्हणजे हालचाल दुप्पट झाली, तर स्टॉपलॉसही दुप्पट लांब ठेवावा लागेल. आणि एका सौद्यात ५,००० रुपयांपेक्षा जास्त गमवायचे नाहीत असं ठरवलं असेल, तर माल निम्मा घ्यावा लागेल. बघा, इथे व्हीआयएक्सने 'घ्या की विका' हे सांगितलं नाही. 'किती घ्या' हे सांगितलं.

पण या हिशेबालाही मर्यादा आहे. तो ३० दिवसांची सरासरी देतो, उद्याचा दिवस नाही. ३ जून २०२४ ला एक्झिट पोलनंतर निफ्टी ३ टक्क्यांहून जास्त वर गेला, व्हीआयएक्स उतरून २१ च्या आसपास आला. भागाकार सांगत होता, रोज सव्वा-दीड टक्का. दुसऱ्या दिवशी, निकालाच्या दिवशी, निफ्टी जवळपास ६ टक्के पडला. आणि हो, हा आकडा निफ्टीचा आहे. तुमच्या एखाद्या लहान कंपनीच्या शेअरला तो लावू नका. त्या शेअरची चाल त्याच्याच भावांतून मोजा.

सेबीच्या अभ्यासानुसार आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या १०० पैकी ९३ वैयक्तिक गुंतवणूकदारांना तोटा झाला. यातले सगळेच दिशा चुकल्यामुळे बुडाले, असं मी म्हणणार नाही. पण दिशा बरोबर असूनही माल जास्त घेतल्यामुळे मधल्याच झटक्यात बाहेर फेकलं जाणं, हे अगदी शक्य आहे. व्हीआयएक्स टाळू शकतो तो हाच तोटा. दिशेचा अभ्यास मात्र आपला आपणच करायचा.

आता प्रश्न घेऊ या.