‘ढ’ कोणी ठरवायचा?

मागे पडणाऱ्या मुलासाठी मराठीत एक अक्षर पुरते. ‘ढ’ म्हटले की काम भागते. ब्राह्मीपासून आजच्या देवनागरीपर्यंत सगळी अक्षरे बदलत गेली, हा ढ तेवढा जसाच्या तसा राहिला. म्हणून ज्याच्यात काही फरक पडत नाही तो ढ, अशी ह्या शब्दाची उपपत्ती सांगतात. उपपत्ती मोठी चतुर आहे, पण तिच्या पोटात एक सिद्धांत दडलेला आहे. बुद्धी ही जन्मतः ठरलेली वस्तू असून शाळेला तिच्यात फेरफार करता येत नाही, हा तो सिद्धांत. आमच्या शाळाकथांनी ढ मुलावर पुष्कळ विनोद केला. हा सिद्धांत मात्र फारसा तपासला नाही. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर आणि कादंबरीलेखक. मानसशास्त्राचा अधिकारी नव्हे. पण शब्दाची पारख हा माझा धंदा आहे. तेव्हा ह्या एका अक्षराविरुद्ध मानसशास्त्राने कोणता पुरावा आणला, आणि तो मराठी मुलांपर्यंत कितपत पोचला, ह्याचा हिशेब मांडावासा वाटतो.

बुद्धी मोजण्याच्या विद्येचा जन्मच सरकारी गरजेतून झाला. १९०४ साली फ्रान्सच्या सरकारने मागे पडणाऱ्या मुलांच्या शिक्षणाचा विचार करण्यासाठी समिती नेमली. आल्फ्रेड बिने तिच्यात होता. त्याने आणि थिओडोर सिमोनने १९०५ मध्ये आपली पहिली चाचणी सिद्ध केली. हेतू सरळ होता : कोणत्या मुलाला जास्तीची मदत हवी ते ओळखावे, मास्तरच्या लहरीवर सोडू नये. बुद्धी वाढतच नाही, हे मत बिनेला मान्य नव्हते. पुढे हीच चाचणी अमेरिकेत गेली आणि मदतीच्या यादीची तेथे प्रतवारी झाली. तिच्या आकड्यांवरून वंशांची उतरंड रचण्यापर्यंत काही पंडितांची मजल गेली. फूटपट्टी तीच, एकाच्या हाती ती माप घेण्याचे साधन होती, दुसऱ्याच्या हाती तिची छडी झाली.

ही फूटपट्टी मराठीत आणण्याचे श्रेय व्ही. व्ही. कामत ह्यांचे. बिनेच्या चाचणीची त्यांनी कानडी आणि मराठी मुलांसाठी सुधारित आवृत्ती केली. ‘मेझरिंग इंटेलिजन्स ऑफ इंडियन चिल्ड्रन’ हा त्यांचा ग्रंथ १९४० साली निघाला, आणि बिने-कामत ह्या जोडनावाने ती चाचणी आजही आपल्याकडे वापरली जाते. परक्या भाषेतील प्रश्न नुसते भाषांतरून चालत नाहीत, ते इथल्या मुलांवर पारखून घ्यावे लागतात, हे कामतांनी करून दाखवले. हा त्यांच्या कामाचा मोठेपणा. कादंबरीकाराला हे चटकन कळते. शब्दाला प्रतिशब्द देता येतो, त्याच्या मागचे घर देता येत नाही. पण माझा आक्षेपही इथेच आहे. शब्दांचे अर्थ विचारणारी चाचणी मुलाच्या डोक्याबरोबर त्याच्या घरातली पुस्तकांची फळीही मोजत असते. शिवाय माप जुने होते. आजोबांच्या मापाने नातवाचा सदरा बेतला, तर दोष नातवाच्या खांद्यांचा म्हणता येईल काय?

पुण्यात बुद्धिमापन म्हटले की ज्ञानप्रबोधिनीचे नाव निघते. आप्पा पेंडसे ह्यांनी १९६२ साली बुद्धिमान विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी ती सुरू केली. चाचणी घेऊन हुशार मूल निवडायचे, ही कल्पना आमच्या मध्यमवर्गाच्या लगेच पचनी पडली. तीच विद्या मागे राहिलेल्या मुलाचीही बाजू मांडू शकते, हे पचायला वेळ लागला. १९९६ साली महाराष्ट्र सरकारने अध्ययन-अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत सवलती दिल्या; देशात हे पाऊल प्रथम उचलले ते आपल्या राज्याने. बुद्धीत काही उणे नाही, पण वाचन, लेखन किंवा गणित ह्यांपैकी एखादी वाट अडलेली, अशी ही मुले. त्यांना वेळ वाढवून मिळाला, शुद्धलेखनाच्या चुका माफ झाल्या, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचे गणित घेता येऊ लागले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ह्या अक्षमतेचा समावेशही झाला. एका शास्त्राने ढ ह्या अक्षराविरुद्ध मिळवलेला हा विजय लहान नव्हे.

पण सवलतीसाठी प्रमाणपत्र लागते, आणि प्रमाणपत्रासाठी चाचणी. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात ह्या मुलांवर काम करताना डॉ. सुनील करंदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अडचण नोंदवून ठेवली : प्रमाणित चाचण्या मुख्यतः इंग्रजीत, भारतीय भाषांत त्यांची वाण. ह्याचा अर्थ काय होतो पाहा. कागदावर सवलत सर्वांना. पण इंग्रजी माध्यमाच्या मुलाची अडचण ‘अक्षमता’ म्हणून सिद्ध होऊ शके, आणि महापालिकेच्या मराठी शाळेतला मुलगा ढ तो ढच राही. देवनागरीचे खाचखळगे निराळे आहेत. ‘कर्म’ आणि ‘क्रम’ ह्यांतली अक्षरे तीच. र डोक्यावर बसला की पायाशी गेला, एवढ्यावर अर्थ फिरतो. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढायची आणि उच्चारायची मात्र मागाहून. ‘दिन’ आणि ‘दीन’ ह्यांतला फरक कान सांगत नाही, डोळ्यांनी लक्षात ठेवावा लागतो. इंग्रजी चाचणीला हे दिसणार कसे? मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ साली हिंदी, मराठी, कानडी आणि इंग्रजी अशा चार भाषांत ‘डाली’ ही चाचणी सिद्ध केली, तेव्हा हा अन्याय दूर होण्याची वाट दिसली. सवलत १९९६ ची आणि हे माप २०१५ चे. मधल्या एकोणीस वर्षांत मराठी शाळांतून किती मुले दहावीला बसून गेली असतील, ह्याचा विचार केला म्हणजे न्यायाला भाषा असते हे पटते.

मूल मोजून झाले तरी वर्ग मोजायचा राहतोच. जोतीराव फुले ह्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन ठेवले. शिक्षक बहुजनांत सहज मिसळणारे, वेळ पडली तर नांगर धरायला न लाजणारे असावेत, असा त्यांचा आग्रह होता. मुलाची समज त्याला शिकवणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून असते, हे त्यांनी प्रयोगशाळेवाचून ओळखले होते. पुढे सव्वाशे वर्षांच्या आत कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे ह्यांनी उत्तर प्रदेशाच्या ग्रामीण भागात ६४२ मुलग्यांना कोडी सोडवायला दिली. जात जाहीर केली नाही तेव्हा उच्च आणि कनिष्ठ मानलेल्या जातींच्या मुलांत म्हणण्याजोगा फरक पडला नाही. प्रत्येकाचे नाव, गाव, जात सर्वांसमक्ष वाचून दाखवली, तेव्हा कनिष्ठ मानलेल्या जातींची मुले मागे पडली. कोडी तीच होती.

इथे सावध राहिले पाहिजे. मुली आणि गणित ह्यांविषयी अशाच धर्तीचा मोठा प्रयोग नेदरलँड्समध्ये झाला. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अहवालात अपेक्षित परिणाम आढळला नाही. म्हणून काय वर्गात जात पुकारायला मोकळीक मिळाली? मुळीच नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली शाळांतला वर्णभेद बेकायदा ठरवताना मानसशास्त्राचा आधार उल्लेखिला, आणि त्या संशोधनातल्या उणिवा दाखवून निकालावरच शिंतोडे उडवणारे निघाले. बोध उघड आहे. समतेचा हक्क प्रयोगाच्या यशावर टांगू नये. मुलाचा अपमान करू नये, ह्याला आकडेवारीची साक्ष लागत नाही. संशोधनाचे काम निराळे : हक्क मान्य झाल्यावर तो वाटेत कोठे अडतो, ते बोट ठेवून दाखवणे. चाचणीच्या भाषेत अडतो, जुन्या मापात अडतो, प्रमाणपत्राच्या रांगेत अडतो, की मास्तरच्या जिभेवर, हे शोधून काढणे.

असे संशोधन आमच्याविषयी होते, पण बहुधा आमच्या भाषेत येत नाही. कामतांचा ग्रंथ मराठी मुलांवरचा, पण इंग्रजीत. ज्या शिक्षकाच्या वहीत ती मुले असतात, त्याने तो वाचायचा कसा? धोरण मंत्रालयात ठरत असेल. अंमल इयत्ता चौथीच्या वर्गात होतो. त्या वर्गातल्या माणसाला कळेल अशा मराठीत ही विद्या लिहिली जात नाही, तोवर प्रत्येक नव्या मापाच्या शेजारी एक जुने माप चालूच राहील. ते स्वस्त आहे, एका अक्षराचे आहे, आणि त्याला प्रमाणपत्र लागत नाही.