किनाऱ्यावरून दिसणारा समुद्र : पापादियामान्दिस यांची एक कथा

एजियन समुद्रातील स्कियाथोस हे बेट लहान असले, तरी जहाजबांधणी आणि शिडाच्या जहाजांवरील व्यापार यांवर तेथील वस्ती दीर्घकाळ जगली. चाच्यांच्या भयाने पूर्वी हे लोक उत्तर टोकाच्या कास्त्रो या तटबंद खडकावर राहत. १८३० च्या सुमारास ते बंदराकाठी उतरले. या नव्या गावात, एका धर्मोपदेशकाच्या घरी, आलेक्सांद्रोस पापादियामान्दिस (१८५१–१९११) यांचा जन्म झाला. १८८३ साली ‘एस्तिया’ नियतकालिकाने ग्रीक जीवनावरील कथांची स्पर्धा जाहीर केली आणि लोकजीवनचित्रणाची एक लाट उसळली. पापादियामान्दिस यांना या लाटेत बसवून त्यांच्या कथा म्हणजे बेटाच्या नाविक परंपरेचे भांडार होय, असे मानण्याची रीत पडली आहे. ही मांडणी सोयीची खरी. परंतु त्या कथांतील समुद्राचे स्वरूप तिने कळत नाही.

त्यांच्या आरंभीच्या कादंबऱ्यांत समुद्र आहे, व्हेनिशियन साहसवीर आहेत, चाचे आहेत. पण तो समुद्र निव्वळ पडद्यासारखा मागे टांगलेला आहे. पुढील कथांत लेखकाने आपली जागाच बदलली. नाविकाच्या दृष्टीऐवजी मागे राहिलेल्यांची, विशेषतः स्त्रियांची, दृष्टी त्यांनी स्वीकारली. १९०३ च्या ‘खुनी स्त्री’मध्ये जहाजबांधणी दिसते ती मजुरीच्या रूपाने: नवरा गोदीत राबतो, पण त्याला हिशेब जमत नाही, हिशेब बायकोच ठेवते. थोरले मुलगे अमेरिकेला जातात ते जातातच. मुलींच्या हुंड्याचे ओझे मात्र घरातच राहते. त्या कृतीतील भीषण बालहत्यांची मुळे या उरलेल्या हिशेबात आहेत, हे विसरले की ती केवळ एका विकृत मनाची कहाणी उरते.

१९०८ मधील ‘सीलचा विलाप’ ही अवघ्या काही पानांची कथा या दृष्टीचे सर्वांत शुद्ध रूप होय. म्हातारी लुकेना लोकरीची पांघरुणे धुण्यास कड्याखालच्या समुद्रावर येते. वर गावाचे दफनस्थान आहे. तेथील हाडे आणि तरुण स्त्रियांबरोबर पुरलेली जरीची वस्त्रे समुद्राच्या पोटात जातात. तिने पाच मुले आणि नवरा पुरला आहे. उरलेल्या दोन मुलग्यांपैकी एक ऑस्ट्रेलियात गेल्याचे तिच्या कानी आहे, पण तीन वर्षांत त्याचे पत्र नाही. दुसरा भूमध्य समुद्रातील जहाजांवर आहे आणि त्याला अधूनमधून आईची आठवण येते. समग्र नाविक परंपरा येथे या दोन वाक्यांत आटोपते, आणि तेवढी ती पुरेशी आहे.

नऊ वर्षांची नात अक्रिवुला आजीला शोधीत येते, धनगराच्या पाव्याच्या सुरामागे वाट चुकते आणि खडकावरून पाण्यात पडते. आवाज म्हातारीला ऐकू येतो. पण धनगराने पाण्यात दगड टाकला असावा, असे समजून ती धुणे आटोपून घरची वाट धरते. समोर बंदरात एक गलबत घिरट्या घालीत असते. त्याची शिडे भरत नाहीत आणि ते बंदराबाहेर पडत नाही. हे गलबत कथेत काहीच करीत नाही. कोणाला वाचवीत नाही, कोणाला नेत नाही. गावाच्या अभिमानाची वस्तू नेमकी या क्षणी निरुपयोगी ठरावी, यात लेखकाचा संयमित कठोरपणा आहे.

निवेदन विद्वज्जनांच्या कथारेव्हुसा भाषेत आहे. तिच्या थंड, तटस्थ चालीमुळे मृत्यू जवळजवळ नोंदवहीतील नोंदीसारखा घडतो. त्यानंतर एक सील त्या देहाशेजारी शोक करते. तिची भाषा जाणणारा एक वृद्ध कोळी तो शोक माणसांच्या बोलीत आणतो. पद्यरूप विलापात हुंड्याचा उल्लेख यावा, हे ‘खुनी स्त्री’च्या वाचकास अर्थपूर्ण वाटेल. समुद्राशी आयुष्यभर राहून मिळणारे ज्ञान या कथेत एवढेच उरले आहे, आणि तेही लुकेनापर्यंत पोहोचत नाही.

विलापाच्या अखेरीस जगातील दुःखांविषयी जे सर्वसाधारण उद्गार येतात, ते ग्रीक वाचकांत अतिशय प्रसिद्ध आहेत. तथापि कथेला त्यांची गरज होती काय, हा प्रश्न उरतो. कारण म्हातारी धुण्याचे गाठोडे घेऊन पायवाट चढू लागते आणि गलबत अद्याप बंदरातच फिरत असते, तेथेच कथेने आपले म्हणणे पूर्ण केलेले असते.