चौकटीबाहेरची जिप्सी

वन्यजीवांचा उत्तम फोटो काढणं आता फारसं अवघड राहिलेलं नाही, आणि या कलेची आजची सगळी पंचाईत तिथूनच सुरू होते. लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ या १९६५पासून चालत आलेल्या स्पर्धेला २०२५ साली साठ हजारांवर प्रवेशिका आल्या. त्यातले शंभरेक फोटो प्रदर्शनातून जगभर फिरतात. मागे पडलेल्यांपैकी कित्येक हजार तांत्रिकदृष्ट्या त्याच तोडीचे असणार, याबद्दल मला शंका नाही. कॅमेरा आता प्राण्याचा डोळा आपणहून हुडकतो आणि फोकस तिथेच धरून ठेवतो. सेकंदाला वीस-तीस फ्रेम मिळतात, आणि शटर दाबण्याआधीच्या क्षणभरातल्या फ्रेमही काही कॅमेरे साठवून ठेवतात. खंड्याने पाण्यात सूर मारला तो क्षण रात्री घरी बसून, दोनशे फ्रेममधून निवडायचा.

पूर्वी ही सगळी कला म्हणजे कष्टच होते. रिचर्ड आणि चेरी कर्टन हे इंग्लंडमधले भाऊ १९००च्या सुमारास चक्क बैलाच्या पोटात शिरून पक्ष्यांचे फोटो काढत. खऱ्या बैलाचं कातडं सांगाड्यावर चढवून केलेलं ते लपण होतं. पक्षी गुराढोरांना बुजत नाहीत, एवढंच त्यामागचं गणित. अमेरिकेत जॉर्ज शिरास यांनी ओजिब्वे शिकाऱ्यांची युक्ती उचलली: रात्री होडीच्या टोकाशी उजेड ठेवायचा, काठावरचं हरीण त्याच्याकडे टक लावून थबकतं. शिकारी तेव्हा बंदूक चालवत, शिरास यांनी फ्लॅश पेटवला. जुलै १९०६च्या ‘नॅशनल जिओग्राफिक’मध्ये त्यांचे ७४ फोटो आले. मासिकाचं चित्रांचं पुस्तक होऊ लागलं, या रागाने नियामक मंडळातल्या दोघांनी राजीनामे दिले म्हणतात. आपल्याकडे एफ. डब्ल्यू. चँपियन या वनाधिकाऱ्याने विसाच्या दशकात उत्तरेतल्या जंगलांत तार अंथरली. वाघाचा पाय तारेला लागला की फ्लॅश उडे आणि वाघ स्वतःच स्वतःचा फोटो काढून घेई. ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’ हे त्यांचं पुस्तक १९२७चं. ती चित्रं आज पाहिली तर फोकस कच्चा आहे, मागचं जंगल काळंकुट्ट आहे, पण वाघ कुठे उभा आहे हे कळतं. पायाखालची वाट दिसते.

आजच्या फोटोत नेमकं तेच दिसत नाही. ताडोबा, कान्हा, रणथंबोर, मसाई मारा, कुठलंही घ्या: वाघाचा किंवा सिंहाचा चेहरा, मिशी न् मिशी मोजता येईल इतका लख्ख, आणि मागे लोण्यासारखी वितळलेली हिरवळ. दहा लाखांच्या पुढची टेली लेन्स ही करामत सहज करते. पण मागे साग आहे की बांबू, महिना वैशाखाचा की पौषाचा, काही सांगता येत नाही. शेजारी उभी असलेली जिप्सी, तिच्यामागची दुसरी, तिच्यामागची सहावी, हे सगळं त्या हिरवळीत विरघळून जातं. छायाचित्रकार त्याला ‘क्लीन बॅकग्राउंड’ म्हणतात.

या क्षेत्रातली खोटेपणाची चर्चा मात्र भलतीकडेच होते. २००९ साली स्पेनच्या होसे लुईस रोड्रिगेस यांच्या, फाटकावरून झेप घेणाऱ्या लांडग्याच्या फोटोला लंडनचा पहिला मान मिळाला, आणि जानेवारी २०१०मध्ये तो काढून घेतला गेला. लांडगा माणसाळलेला असावा, असा परीक्षकांचा निष्कर्ष होता. रानातला लांडगा फाटकाच्या फटीतून सहज निघून गेला असता, उडी कशाला मारेल, ही शंका जाणकारांनी काढली होती. पुढे मार्सिओ काब्राल यांचा ब्राझीलच्या एमास राष्ट्रीय उद्यानातला फोटो: चमचमणाऱ्या वारुळाशी आलेला मुंगीखाऊ. २०१८मध्ये तोही बाद झाला, कारण उद्यानाच्या प्रवेशद्वाराशी ठेवलेल्या पेंढा भरलेल्या मुंगीखाऊशी त्याचं साम्य तज्ज्ञांना फारच जास्त वाटलं. दोघांनीही आरोप नाकारले. तेव्हापासून नियम कडक होत गेले आहेत. रॉ फाइल द्यावी लागते, जिवंत आमिष चालत नाही. एआयने आता यात आणखी गोंधळ घातला आहे, पण त्याची गंमतही आहे. २०२४मध्ये माइल्स अ‍ॅस्ट्रे यांनी पोट खाजवण्यासाठी मान वळवलेल्या, त्यामुळे बिनडोक्याच्या दिसणाऱ्या रोहित पक्ष्याचा अगदी खराखुरा फोटो एका स्पर्धेच्या एआय गटात पाठवला. त्याला बक्षीस मिळालं, आणि फोटो खरा निघाला म्हणून ते रद्द झालं!

लांडग्याचा आणि मुंगीखाऊचा फोटो बाद झाला, बरं झालं. पण नियमात बसणारा, रॉ फाइलनेही सिद्ध होणारा खोटेपणा मला जास्त खुपतो. ३१ डिसेंबर २०२४ला उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात ‘एफ-२’ वाघीण आणि तिचे पाच बछडे रस्त्यावर असताना सफारीच्या गाड्यांनी त्यांना दोन्ही बाजूंनी कोंडून धरलं. पर्यटकांनी मोबाइलवर टिपलेली दृश्यं पसरली, गाइड आणि चालकांवर कारवाई झाली, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. समजा, त्या गर्दीतल्या एखाद्या जिप्सीत सहाशे मिलिमीटरची लेन्स घेऊन कुणी बसला असता. त्याला आईमागून चालणाऱ्या बछड्यांची सुरेख फ्रेम मिळाली असती. एकही पिक्सेल न बदलता ती कुठल्याही स्पर्धेत चालली असती, आणि खाली मथळा आला असता वात्सल्य वगैरे. मोबाइलवरच्या त्या हलत्या, वाकड्या चित्रांत कला शून्य होती. पण त्या दिवशी जंगलात काय चाललं होतं, ते त्यांच्यामुळेच कळलं.

म्हणून गेल्या दहाएक वर्षांतले मला महत्त्वाचे वाटणारे फोटो बहुतेक असे आहेत, ज्यांनी माणसाच्या खुणा पुसल्या नाहीत. त्यांत नयन खानोलकर यांचा, लंडनच्या स्पर्धेतल्या २०१६च्या शहरी गटातला विजेता फोटो मी सर्वांत वर ठेवतो. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला खेटून असलेल्या मुंबईच्या उपनगरातला, दोन घरांमधला अरुंद बोळ. रात्र. त्या बोळातून बिबट्या येतोय. तो डरकाळत नाही, झेपावत नाही. पाळीवरून परतणारा माणूस चालतो तसा चालतोय. खानोलकरांनी तिथे कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोर आला की आपोआप चालणारा कॅमेरा, लावला, आणि फ्लॅश अशा बेताने रचले की उजेड बोळातल्या रोजच्या दिव्याचाच वाटावा. हा निर्णय मला त्या फोटोचा प्राण वाटतो. झगझगीत फ्लॅश मारला असता तर बिबट्या घुसखोर दिसला असता, वर्तमानपत्रात ‘वस्तीत बिबट्या शिरला’ या बातमीखाली दिसतो तसा. इथे तो रहिवासी दिसतो. आसपासच्या वारली पाड्यांवर वाघोबाला पुजणारी माणसं राहतात. बिबट्या येतो-जातो, हे त्यांना ठाऊक असतं. खानोलकरांना दाखवायचं होतं तेच, आणि ते मथळा न वाचताही कळतं. पुढे २०१९मध्ये याच पट्ट्यातल्या आरेत मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांहून अधिक झाडं पडली, तेव्हा मला हा बोळ आठवला होता.

पार्श्वभूमी धूसर करूनही माणूस ठेवता येतो, हे बंगळुरूच्या दहा वर्षांच्या विद्युन हेब्बारने दाखवलं. भिंतीच्या फटीत कोळ्याचं तंबूसारखं जाळं, आणि मागून निघून गेलेल्या ऑटोरिक्षाचे रंगीत पट्टे. २०२१चा तो बाल गटातला सर्वोच्च मान. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या फलाटावर एका कणासाठी झोंबणारे दोन उंदीर सॅम रोली यांनी टिपले, त्यांना २०२०मध्ये लोकांनी मतं देऊन निवडलं. (त्याच लोकांनी २०२४मध्ये हिमनगावर झोपलेल्या ध्रुवीय अस्वलाला निवडलं, त्यामुळे लोकांच्या अभिरुचीवर फार भिस्त ठेवायला नको.) बिप्लब हाजरा यांचा २०१७चा बांकुरातला फोटो, ज्याला मुंबईच्या ‘सँक्च्युअरी’ मासिकाने पुरस्कार दिला, पाहवत नाही. जमावाने फेकलेल्या आगीतून हत्तीण पळतेय, मागे पेटलेलं पिल्लू. त्यात जमावही चौकटीत आहे. तो वगळून फक्त जळतं पिल्लू दाखवलं असतं, तर नुसती हळहळ उरली असती.

माणसाकडे बोट दाखवलं की काम झालं, असंही नाही. २०१७मध्ये उपासमारीने खंगलेल्या ध्रुवीय अस्वलाची चित्रफीत कोट्यवधी लोकांनी पाहिली. ‘नॅशनल जिओग्राफिक’ने तिच्यावर हवामानबदलाचं लेबल लावलं आणि वर्षभरात आपण जास्त बोललो हे कबूल केलं. ते एक अस्वल आजारी असेल, म्हातारं असेल. समुद्रावरचा बर्फ खरोखरच घटतोय, पण त्याचा पुरावा म्हणून एका मरत्या प्राण्याला उभं केलं की शंकेखोरांना आयतं कोलीत मिळतं.

कॅमेरा ट्रॅपचा फोटो कुणाचा, माणसाचा की यंत्राचा, हा वाद मला पोकळ वाटतो. सेर्गेई गोर्शकोव यांच्या २०२०च्या विजेत्या फोटोत आमूर वाघीण झाडाला बिलगून गाल घासतेय. रशियाच्या अतिपूर्वेकडच्या जंगलात कॅमेरा ट्रॅपवर हा फोटो मिळायला अकरा महिन्यांहून अधिक काळ लागला. ते झाड नेमकं हेरणं, उजेड कुठून पडेल हे ओळखणं, यालाच छायाचित्रण म्हणायचं. वाघीण तिथे आपला वास ठेवतेय, हद्द आखतेय. मिठी आपण पाहतो. पण झाडाच्या सालीवर पडलेला तो सोनेरी तिरपा उजेड दाखवतो, की जंगल अजून चौकटीत मावतं.

२०२५चा सर्वोच्च मान विम फान डेन हेव्हर यांच्या तपकिरी तरसाला मिळाला. नामिबियातलं कोलमन्सकोप, हिऱ्यांच्या खाणींवर वसलेलं गाव, धुक्यात पडझडलेल्या इमारतीपुढे उभा तरस. पावलांचे ठसे पहिल्यांदा दिसल्यापासून फोटो मिळेपर्यंत दहा वर्षं गेली. फोटो देखणा आहे, आणि शहरी गटातून तो पहिला आला याचं मला कौतुक आहे. पण कोलमन्सकोप १९५६पासून ओस पडलंय. भिंतीपलीकडे माणसं झोपलेली असताना बिबट्या जातो, त्या फोटोला त्याच्या गटापुरतं बक्षीस. गाव रिकामं झाल्यावर मात्र पहिला क्रमांक. परीक्षक वेगळे होते, वर्षं वेगळी होती, हे मान्य करूनही हा योगायोग मला पुरेसा निरागस वाटत नाही.

रॉ फाइल मागतातच, तर आयोजकांनी आणखी एक फोटो मागून घ्यावा: ज्या जागेवरून प्राणी टिपला, त्याच जागेवरून पाठ फिरवून काढलेला. त्यात सहा गाड्या दिसतील, कुठे आमिषाचं मडकं दिसेल, कुठे कुणीच नसेल. त्या उलट्या फोटोंचं प्रदर्शन भरलं, तर मी मूळ फोटोंच्या आधी त्याचं तिकीट काढीन.